राणीच्या काळातले कपाट

गेल्या वर्षी ईस्टरनंतर रिवाजाप्रमाणे आम्ही घरोघरी आशीर्वाद देत हिंडत होतो. भिसेगावातील एका जुन्या घरी प्रार्थना झाली, पवित्र जल शिंपडून झाले, चहाही झाला. तरी घरच्या आजींच्या मनातले काही ओठांवर येईना. अखेर आम्ही निघण्यासाठी उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, एक विचारायचं होतं. हे कपाट विकू का?"

ज्या कपाटाकडे त्यांनी बोट दाखवले, त्याच्यासमोर उभे राहूनच आम्ही नुकतीच प्रार्थना म्हटली होती. त्यावर पवित्र हृदयाची तसबीर, पवित्र मातेची मूर्ती, झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी आणि मेणबत्तीचे दोन स्टँड. घरात त्याचे नावच 'ऑल्टरचे कपाट'. कमरेएवढ्या उंचीचे, वर ओळीने तीन खण, खाली दोन दारे, मागे भिंतीला टेकलेली कोरीव फळी आणि तिच्यात डागाळलेला आरसा. इंग्रजी घरांत अशा कपाटाला साइडबोर्ड म्हणत व ते जेवणाच्या खोलीत ठेवीत. आजींचे सासरे रेल्वेत गार्ड होते. त्यांनी ते कुण्या साहेबाच्या लिलावात घेतले, एवढाच त्याचा घरात ठाऊक असलेला इतिहास.

प्रश्न पडण्याचे कारण साधे होते. नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीची तजवीज होत नव्हती. एक व्यापारी येऊन कपाट जुनाट झाले, भुंग्याने खाल्ले, असे सांगून आठ हजार देऊ करून गेला. दुसरा आला, त्याने ते खास लंडनचे, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले असल्याचे सांगून साठ हजारांवर बोली नेली. मात्र 'आजच्या आज टेंपो आणतो' ही त्याची अट होती. आठ आणि साठ यांच्यामध्ये एवढे अंतर का, हे त्या माउलीला कळेना; आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही कळले नाही. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. कपाट कसे वाचावे हे कोणी शिकवले नव्हते. आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि पुस्तके, जाणते सुतार व मुंबईतील दोन-चार परिचित यांच्या मागे लागलो. त्या खटाटोपात जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण असे कपाट, अशी खुर्ची वा अशी पेटी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे, आणि टेंपो घेऊन येणारा मनुष्य केव्हा ना केव्हा आपल्याही दारी येणार आहे.

व्हिक्टोरिया राणीचा काळ म्हणजे १८३७ ते १९०१, चौसष्ट वर्षांचा. एवढ्या मोठ्या काळात एकच एक घाट टिकला असता तर नवलच. प्रारंभी गोलाईदार, वेलबुट्टीचे आणि फुगीर पाठीच्या खुर्च्यांचे युग होते. त्याच्याच जोडीला टोकदार कमानींचा गॉथिक घाट होता. १८६८ साली चार्ल्स ईस्टलेक याने घरसजावटीवर पुस्तक लिहिले, त्यानंतर सरळ रेषांची, साध्या कोरणीची चाल आली. आणि शतकाच्या अखेरीस तर मागल्या सगळ्या शतकांच्या नकला एकाच दिवाणखान्यात नांदू लागल्या. तेव्हा 'व्हिक्टोरियन' हे घाटाचे नाव नव्हे, काळाचे आहे. व्यापारी ते घाटाचे म्हणून वापरतो आणि तेथूनच घोळ सुरू होतो.

या घाटांपैकी गॉथिकाशी आपले, कॅथलिकांचे, विशेष नाते आहे. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवरील बहुतेक निर्बंध १८२९ साली उठले. पुढे काही वर्षांतच ऑगस्टस पगिन नावाचा तरुण शिल्पकार विशीतच कॅथलिक झाला. मध्ययुगीन ख्रिस्ती कारागिरीची त्याला इतकी ओढ होती की चर्च, वेदी, दिवे, वस्त्रे, खुर्च्या, टेबले या सर्वांचे आराखडे तो स्वतः काढी. लंडनच्या पार्लमेंटच्या अंतर्भागातील सजावट व लाकूडकाम त्याच्याच आराखड्यांवरून झाले. त्याचा आग्रह असा की, वस्तू ज्या रीतीने जोडली आहे ती रीत लपवू नये. सांधा दिसू द्यावा, खुंटी दिसू द्यावी, नक्षी करायची तर त्या बांधणीवरच करावी. लाकडाला संगमरवराचे सोंग देणे त्याला खोटे बोलण्यासारखे वाटे. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याचे मध्ययुगीन दालन गाजले आणि दुसऱ्याच वर्षी, वयाच्या चाळिशीत, तो वारला. आपल्या जुन्या चर्चमध्ये धर्मगुरूंच्या उंच पाठीच्या खुर्च्या, गुडघे टेकण्याची आसने, पापनिवेदनाच्या खोक्याच्या टोकदार कमानी दिसतात, त्या घाटाला नवे आयुष्य देणाऱ्या चळवळीचा हाच अग्रणी. आम्ही अशा खुर्चीवर पंचवीस वर्षे बसत आलो, पण तिची पाठ उभी का, याचा विचार कधी केला नव्हता.

आता हे सामान आपल्याकडे आले कसे? जुन्या कपाटाला 'विलायती' म्हणण्याची आपल्याला सवय आहे. काही थोडे खरोखर विलायतेहून आले. विशेषतः १८६९ साली सुवेझचा कालवा उघडल्यावर लंडनच्या दुकानांतून सामान मागवणे सोपे झाले आणि १८९० च्या दशकात तर 'आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स'ची शाखाच मुंबईत आली. परंतु आगबोटीचे भाडे, हवामान आणि वाळवी यांनी त्या आयातीला लगाम घातला. इंग्लंडमधील पुष्कळसे सामान म्हणजे आत स्वस्त पाइनचे लाकूड आणि वरून महोगनीचा किंवा अक्रोडाचा पातळ पापुद्रा, सरसाने चिकटवलेला. मुंबईच्या एका पावसाळ्यात तो सरस सुटे, पापुद्रा पापडासारखा वर येई आणि आतले पाइन वाळवीला मेजवानी होई. म्हणून शहाणा साहेब आल्या आल्या लिलावात जुने सामान घेई किंवा इथल्या सुताराकडून नवे करवून घेई.

हे इथले सुतार म्हणजेच या गोष्टीचे खरे नायक. मुंबईच्या कोटातील मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, शिसवी कोरीव सामानासाठी विख्यात होता. इंग्रज ज्याला ब्लॅकवुड म्हणत ते हे आपले शिसव. गोल टेबले, तिवया, सोफे, फुलदाण्यांची घडवंची. पानाफुलांची इतकी दाट जाळी की बोट शिरायला जागा नाही. १८५१ च्या ज्या महाप्रदर्शनात पगिनचे दालन होते, तेथेच मुंबईचे हे शिसवी कामही मांडलेले होते. साहेब पुस्तकातले चित्र दाखवी, सुतार त्याचा घाट घेई. पण लाकूड आपले, पटाशी आपली आणि पान कोरताना हाताला जे वळण सुचे तेही आपलेच. ज्याला आपण राणीच्या काळातले विलायती म्हणतो, त्यातले पुष्कळसे मुंबईत घडलेले देशी आहे.

मुंबईहून ते या दऱ्याखोऱ्यांत येण्याचे कारण रेल्वे. १८५६ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली ती बोरघाट चढून गेली. कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे ठाणे झाले. चढणीसाठी गाडीला मागून जादा इंजिने लागतात ती येथेच, अजूनही. गार्ड, ड्रायव्हर, फिटर, तारमास्तर यांची कुटुंबे रेल्वेमागोमाग अशा ठाण्यांवर आली आणि त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही होते. इकडे नेरळवरून माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी तो डोंगर पाहिला (कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते) आणि त्यानंतर तेथे बंगल्यांमागून बंगले उभे राहिले. छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. म्हणजे त्याआधीच्या अर्ध्या शतकात माथेरानच्या बंगल्यांतील जे जे पलंग, टेबल, कपाट वर गेले, ते माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून गेले. नेरळची ती चढण आम्ही एकदा नुसती पिशवी घेऊन चढलो आहोत, म्हणून हे विशेष जाणवते.

साहेबांच्या बदल्या वरचेवर होत. प्रत्येक बदलीला लिलाव. कपाट एका बंगल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आणि तेथून आपल्या घरात असे उतरत उतरत येई. मुंबई, साष्टी व वसई येथील आपल्या ईस्ट इंडियन समाजाने २६ मे १८८७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून आपली संस्था स्थापन केली, हे अनेकांस ठाऊक असेल. सरकारी कचेऱ्या व रेल्वे यांतील नोकऱ्यांच्या आधाराने जी मध्यमवर्गीय घरे उभी राहिली, त्यांच्या ओट्यावर लांब हातांची वेताची आरामखुर्ची आणि हॉलमध्ये आरशाचे कपाट आले ते याच काळात व याच वाटेने. कर्ज काढून घेतलेलेही असेल. हौस आपल्यात पहिल्यापासूनच दांडगी.

आता ओळख पटवण्याकडे वळू. आम्हांला ज्या वृद्ध सुतारमेस्त्रींनी हे शिकवले, त्यांचा पहिला धडा असा की, कपाटाच्या तोंडाकडे पाहू नका. तोंड धुता येते, रंगवता येते, नव्याने कोरता येते. त्याची पाठ पाहा, तळ पाहा आणि खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. तोंडासाठी सुतार चांगले लाकूड वापरतो. आत मात्र जे सहज व स्वस्त मिळेल ते. इंग्लंडात घडलेल्या कपाटाच्या खणाच्या बाजू व तळ बहुधा पाइनचे किंवा ओकचे असतात. आपल्याकडे घडलेल्याच्या आत साग सापडतो, कधी फणस, कधी तूण. सागाला आपल्या तेलाचा वास असतो. दीडशे वर्षांनीही खणाचा कोपरा नखाने किंचित खरवडला तर तो येतो. वस्तू इथली की तिथली, हे ओळखण्याची याहून चांगली खूण आम्हांस तरी आढळली नाही.

दुसरी खूण खणाच्या कोपऱ्यातील सांध्याची. पारव्याच्या शेपटीसारख्या दात्यांच्या त्या सांध्याला सुतार डव्हटेल म्हणतात. हाताने केलेले दाते लहानमोठे असतात, त्यांच्या मुळाशी आखणीची बारीक रेघ राहते. यंत्राने केलेले सगळे एकसारखे. इंग्रजी पुस्तके सांगतात की हातचे दाते म्हणजे जुने आणि यंत्राचे म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे. पण आपल्याकडे हे माप चालत नाही! आमच्या मेस्त्रींनी स्वतः आयुष्यभर हातानेच डव्हटेल कापले. करवतीच्या खुणांचेही तसेच. अर्धवर्तुळाकार ओरखडे म्हणजे यंत्रावरची गोल करवत, हे खरे. परंतु सरळ ओरखडे दिसले म्हणून वस्तू जुनी ठरत नाही, कारण दोन माणसांनी ओढायची करवत आपल्याकडे कालपरवापर्यंत चालू होती. विलायती पुस्तक जसेच्या तसे हाती धरून भारतीय कपाट वाचणारा म्हणूनच फसतो.

लोखंड व पितळ यांचे मात्र तसे नाही. ते बहुधा बाहेरून येई आणि त्याच्या बदलाच्या तारखा ठाऊक आहेत. जुना स्क्रू टोकाला बोथट असतो. टोकदार स्क्रू १८५० च्या सुमारास आला व लवकरच बर्मिंगहॅमचे कारखाने तो ढिगांनी बनवू लागले. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा, म्हणजे निदान दुरुस्ती तरी नंतरची. कुलपाच्या पितळी पट्टीवर मुकुट व राणीच्या नावाची 'व्ही आर' ही आद्याक्षरे पुष्कळदा दिसतात. त्यावरून कुलूप राणीच्या काळातले असल्याचे कळते. कपाटाचे काय, ते नव्हे. जुने कुलूप नव्या कपाटाला बसवायला अर्धा तास लागतो. पायांच्या चाकांवर बनवणाऱ्याचे नाव असेल तर वाचावे. 'कोप अँड कॉलिन्सन' हे त्यांतले वारंवार भेटणारे नाव. क्वचित धातूवर वा लाकडावर चौकटच्या एक्क्यासारखी एक खूण उमटवलेली सापडते, तिच्या कोपऱ्यांत अक्षरे व आकडे. ती इंग्लंडमधील आराखडा-नोंदणीची खूण; १८४२ ते १८८३ एवढ्याच काळात वापरलेली. १८८४ पासून तिच्या जागी नुसता नोंदणी-क्रमांक आला. ही सापडली तर भाग्यच समजावे, कारण तिच्यावरून आराखडा कोणत्या वर्षी नोंदला गेला हे काढता येते.

आपल्या भागात आणखी एक खूण विशेष भेटते, ती रेल्वे कंपनीची 'जी. आय. पी. आर.' ही आद्याक्षरे. खुर्चीच्या मागे ती ठोकलेली दिसली की लोक तिला सरळ राणीच्या काळात नेऊन बसवतात. सावधान! कंपनीचा कारभार १९२५ साली सरकारने घेतला, तरी नाव १९५१ साली मध्य रेल्वे होईपर्यंत चालूच होते. ती अक्षरे खुर्चीला १९५१ च्या अलीकडे येऊ देत नाहीत एवढे खरे. पण मागे किती न्यायचे, ते बाकीच्या खुणांनी ठरवायचे.

झीज ही खोटी करायला सर्वांत कठीण. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर टाचा टेकून टेकून खळगा पडतो, तो मधोमध नव्हे तर बसणाऱ्याच्या सोयीने एका अंगाला. खणाच्या खालच्या कडा मागच्या बाजूस अधिक झिजतात. गोल टेबलाचा व्यास दोन दिशांनी मोजावा. लाकूड रेषांच्या आडवे आकसते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून शंभर वर्षांचे गोल टेबल किंचित लांबट झालेले असते. व्यापाऱ्यासमोर आपण फूटपट्टी काढली की त्याचा सूर बदलतो, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. पॉलिशचीही परीक्षा आहे: जुने फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख; न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावला तर ती चिकट होते, आजचे चकचकीत पॉलिश होत नाही. पण हा बोळा दर्शनी फळीवर कृपा करून लावू नये.

जाता जाता वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांविषयी. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात ज्या काळ्या, गोल बैठकीच्या खुर्च्या असत, त्या घाटाचा जनक व्हिएन्नाचा मायकेल थोनेट. त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची १८५९ सालची. बीचचे लाकूड वाफेने मऊ करून वाकवलेले, सहा तुकडे, थोडे स्क्रू आणि नट. एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या सुट्या करून भरता येत आणि जगभर पाठवता येत. कोरीव काम नाही, सांधा लपवणे नाही. पगिनला ती आवडली नसती बहुधा, तरी त्याचे तत्त्व तिने त्याच्या अनुयायांपेक्षा अधिक पाळले असे आमचे मत आहे. घरात तशी असेल तर बैठकीच्या कडेला आतून पाहावे. कागदी चिठ्ठी किंवा ठसा असतो.

आणि फसवणूक? ती तर या धंद्याची जुळी बहीण. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीट व जोगेश्वरीजवळचे ओशिवरा येथे खरे जुने सामान मिळते, तसेच पाडलेल्या घरांच्या जुन्या सागातून परवा घडवलेलेही मिळते. लाकूड शंभर वर्षांचे, कपाट तीन महिन्यांचे! दोन निरनिराळ्या मोडक्या वस्तूंचे लग्न लावून एक अखंड कपाट करण्याचीही रीत आहे. अशा वेळी वरच्या व खालच्या भागाची पाठ एकमेकींशी बोलत नाही. सगळे व्यापारी लबाड असतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एका म्हाताऱ्या दुकानदाराने आपल्याच दुकानातील कपाट उलटे करून ते नकली कसे, हे आम्हांला हसत हसत दाखवले. ज्यांना खरे नमुने पाहायचे असतील त्यांनी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. ते १८७२ साली 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट' या नावाने उघडले. तेथे वस्तूंबरोबर त्या ज्यांत मांडल्या आहेत ती जुनी लाकडी कपाटेही निरखावीत.

कायद्याची एक गोष्ट सर्वांना ठाऊक असावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलेच्या महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेला मुलगा 'आजोबांची पेटी मला पाठवा' म्हणतो, तेव्हा आधी चौकशी करावी. शिवाय २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या वंशाच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आलेले आहेत.

एवढे सारे लिहिल्यावर आमची स्वतःची कबुली टाळता येत नाही. गुरुदीक्षेनंतरच्या आमच्या पहिल्याच नेमणुकीत, उत्तर कोकणातील एका चर्चच्या सॅक्रिस्टीत एक रुंद, बुटके कपाट होते. त्याचे खण उथळ व अतिशय रुंद. मिस्साची वस्त्रे घडी न घालता पसरून ठेवता यावीत म्हणून तसे केलेले. खण अडकत, पाली निघत. आम्ही तरुण होतो, सुधारणेचा उत्साह होता. भंगारवाला बोलावला, दोन हजार रुपयांत ते दिले आणि त्यात भर घालून लोखंडी कपाट आणले. वस्त्रे तेव्हापासून हँगरवर लटकू लागली आणि भरतकाम खांद्यापाशी फाटू लागले. सॅक्रिस्टनचे वय तेव्हा सत्तरीपार. तो काही बोलला नाही, टेंपो जाईपर्यंत फक्त दारात उभा राहिला. ते कपाट कोणत्या काळातले होते, आतून कोणत्या लाकडाचे होते, हे आम्ही आज सांगू शकत नाही, कारण एकदाही खण उलटा करून पाहिला नाही.

अज्ञान हे कारणही पुढे करता येत नाही. १९८३ च्या धर्मसभेच्या विधिसंहितेतील १२८३ वा नियम चर्चच्या मौल्यवान व सांस्कृतिक वस्तूंची अचूक यादी करण्यास सांगतो, तर १२९२ वा नियम कला वा इतिहास यांमुळे मोलाच्या असलेल्या वस्तू विकण्यास थेट रोमची अनुमती लागते असे सांगतो. हे नियम परीक्षेसाठी आम्ही पाठ केले होते. पण 'मौल्यवान' म्हणजे सोन्याचांदीचा चषक, असा आमचा समज होता. १९९९ च्या डिसेंबरात रोमच्या सांस्कृतिक वारशाच्या आयोगाने अशा याद्यांच्या निकडीविषयी खास परिपत्रक काढले. गोव्यात राशोलला १९९४ साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले आणि २००२ साली ते जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात गेले. आपल्या मुंबई महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगावच्या सेमिनरीच्या आवारात २०११ मध्ये उघडले. आम्ही जेथे जेथे राहिलो तेथे आता यादी करतो: वस्तूचे नाव, लांबी-रुंदी-उंची, लाकूड, खुणा, चार बाजूंचे आणि तळाचे छायाचित्र. एका दुपारचे काम आहे. घरासाठीही हेच करावे, आणि छायाचित्राच्या मागे ती वस्तू कोणी, कोठून आणली हे लिहून ठेवावे; सांगणारी माणसे आहेत तोवर.

आठवड्याने मेस्त्रींना घेऊन आम्ही भिसेगावच्या त्या घरी गेलो. तसबीर व मूर्ती आजींनी स्वतः उतरवून पलंगावर ठेवली, नातीने टॉर्च धरला. मागची फळी सागाची. एका पावसाळ्यात उल्हास नदीचे पाणी घरात शिरले होते, त्याची रेघ पायांवर वीतभर उंचीवर दिसत होती. पण एकही सांधा सुटलेला नव्हता, कारण पापुद्रा नव्हताच, दर्शनी भाग भरीव शिसवाचा. भुंग्याची भोके होती, परंतु जुनी आणि कोरडी; त्यांतून ताजा भुसा पडत नव्हता. पहिल्या व्यापाऱ्याचे आठ हजार तेथेच निकालात निघाले. स्क्रू टोकदार. कुलपावर मुकुट व 'व्ही आर'. दाते हातचे, लहानमोठे. आणि खण उलटे केल्यावर प्रत्येकाच्या पाठीवर शिसपेन्सिलीने ओढलेला एकेक आकडा: १, २, ३, आपल्या अंकांत, सुताराच्या ठसठशीत हातचे. लंडनच्या कारखान्यात असे आकडे कोण लिहिणार? सारे एकत्र पाहता कपाट मुंबईकडचे, १८५० नंतरचे आणि बहुधा राणीच्याच अमदानीतले, एवढे बेतशीर म्हणता येईल. दुसऱ्या व्यापाऱ्याचे 'खास लंडन'ही गेले. आजी किंचित हिरमुसल्या. मेस्त्री मात्र खूश झाले. हे लंडनचे असते तर या घरात पुराच्या दुसऱ्या दिवशीच उकलले असते, असे त्यांनी आजींना समजावले.

किमतीविषयी आम्ही एवढेच सांगितले की, दोन-तीन जाणत्यांना दाखवल्याशिवाय आणि 'आजच्या आज' म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. फीची अर्धी सोय धर्मग्रामाच्या शिक्षणनिधीतून झाली, उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज मंजूर झाले. पुढच्या वर्षी काय, हे ठरलेले नाही. कपाट विकायचे की नाही हा प्रश्न त्या घरात अजून उघडाच आहे, आणि विकले तर आम्ही त्यांना बोल लावणार नाही. मुलीचे शिक्षण कपाटाहून मोठे आहे.

निघण्यापूर्वी मेस्त्रींनी खण परत बसवायला घेतले. मधला खण कधीच पुरता आत जात नाही, चार बोटे बाहेर राहतो, लग्न होऊन आल्यापासून तसाच आहे, असे आजी म्हणाल्या. मेस्त्रींनी पाठीवरचे आकडे पुन्हा पाहिले. मधल्या जागी ३ चा खण होता आणि उजवीकडे २ चा. केव्हातरी, बहुधा एखाद्या घरबदलात, त्यांची अदलाबदल झाली असावी. त्यांनी ते आपापल्या जागी लावले, खालच्या कडांना ऑल्टरवरच्या मेणबत्तीचा तुकडा घासला आणि नातीला ढकलायला सांगितले. मधला खण एका बोटाने आत गेला.